सोसायटीच्या गच्चीवर सामाईक बाग : तुमचं मत काय?

अळूचं_पान
आमच्या सोसायटीत (पुणे, चार मजले, २४ फ्लॅट) येत्या रविवारी गच्चीवरच्या बागेवर मतदान आहे. माझं मत ठाम आहे, बाग हवीच. दोन वर्षं आम्ही पाच-सहा जण टाकीशेजारी सात ड्रममध्ये वांगी, अळू, पुदिना लावतोय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, आजोबा वारल्यापासून, घराबाहेर पडत नव्हत्या. मी खतासाठी भाजीची देठं मागायला गेले, तर दुसऱ्या दिवशी मेथीच्या देठांचा डबा घेऊन त्या स्वतःच वर आल्या. आता रोज सकाळी अळूचं पान उलटं करून मावा ही कीड शोधतात आणि ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसून काढतात. बी.पी.ची गोळी चालूच आहे, पण रात्री झोप लागते म्हणतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कॅन्टीनच्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. मग २४ घरांना का जमू नये?

चौथा_मजला
कारण तुमच्या बागेखाली माझं छप्पर आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या बेडरूमला ओल आली, पोपडे मुलाच्या अंथरुणावर पडत होते. एक चौरस मीटरवर फूटभर ओली माती म्हणजे पाचशे किलोच्या आसपास वजन. वापरातली गच्ची चौरस मीटरला साधारण दीडशे किलो धरून बांधतात. आजींबद्दल आदर आहे, पण आनंद सगळ्यांचा आणि गळती एकट्याची, हे मान्य नाही.

पाचोळा
वजनाचं अगदी बरोबर. म्हणूनच गच्चीवर मातीचा वाफा घालूच नये. शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांच्या पद्धतीत बरंचसं काम पालापाचोळाच करतो. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस ढवळत ठेवायचं, मग दहापट पाणी घालायचं. त्यात भिजवलेला पाचोळा थरावर थर रचला की काही महिन्यांत भुसभुशीत काळं खत होतं, मातीपेक्षा कितीतरी हलकं. आम्ही रसवंतीवरची उसाची चिपाडंही घालतो. ड्रम विटांवर, तेही बीमच्या रेषेत. खालची फरशी कोरडी राहते आणि झाडता येते.

पुराव्यानिशी
आरोग्याचे दावे जपून करा. २०११च्या एका डच अभ्यासात ताण दिल्यानंतर अर्धा तास बागकाम करणाऱ्यांचं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) वाचत बसणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं. पण माणसं होती फक्त ३०, आणि सगळी आधीपासूनच बागकाम करणारी. ज्याला मातीत हात घालणं नकोसं वाटतं, त्याला हे लागू होईलच असं नाही.

मे_महिना
माझा विरोध अनुभवातून आहे. आधीच्या सोसायटीत उद्घाटनाला चाळीस जण होते. मे महिन्यात सगळे गावाला गेले आणि पाणी घालायला उरलो मी आणि वॉचमनची बायको. तिला कुणी एक रुपया दिला नाही, याची मला आजही लाज वाटते. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्यांत डासांच्या अळ्या झाल्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, आठवड्यातून एकदा तरी ताटल्या कोरड्या करायलाच हव्यात. त्या कोण करणार, हे आधी लिहून घ्या.

अळूचं_पान
@चौथा_मजला, तुमच्या घरातली ओल मी आज येऊन पाहिली. ड्रम त्या खोलीच्या वर नाहीत, पण त्यानं तुमचा त्रास कमी होत नाही. प्रस्ताव बदलते. आधी गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून चाचणी, मग सोसायटीच्या खर्चानं वॉटरप्रूफिंग, आणि त्यानंतरच नवे ड्रम.
@मे_महिना, एप्रिल-मेमध्ये पाणी घालणाऱ्याला पगार द्यायचा, हे कलम घालतेय. ताटल्या काढूनच टाकू.

चौथा_मजला
चाचणीच्या वेळी मी घरी थांबेन. छत कोरडं राहिलं तर विरोध मागे घेईन. मुलाला मिरचीचं रोप लावायचंय, हेही खरं.

मे_महिना
पगाराचा आकडा सभेतच ठरवा. नंतर म्हणून सोडलेलं तेव्हा राहूनच गेलं होतं.