आईच्या नखांवर उभ्या रेघा, अंगठ्याशी सूज – काय करावं?

आई पंचाहत्तरीला आली, डिचोलीला असते. हल्ली तिच्या हातांची नखं पार बदलली आहेत. मुळापासून टोकापर्यंत उभ्या रेघा, बोट फिरवलं की खरखर लागते. टोकाला पापुद्रे सुटतात आणि ते साडीच्या धाग्यात अडकतात. नेलकटर लावला की नख कापलं जाण्याऐवजी तडकतं.

घरात सुंगटं (कोळंबी) सोलणं, नारळ खवणं, भांडी, सगळं तीच करते. पावसात तर तिचे हात कोरडे होतच नाहीत. उजव्या अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी कातडी सुजते, दाबलं की दुखते, उतरते, पुन्हा सुजते. मला खरी काळजी त्याची आहे. नखं पिवळसरही दिसतात. ती हळद आहे की बुरशी, कसं ओळखायचं?

शेजारणीने बायोटिनच्या (हे एक ब-जीवनसत्त्व) गोळ्या सुचवल्या. पण आईला थायरॉइड आहे आणि बायोटिनमुळे त्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, म्हणून दिल्या नाहीत. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, उभ्या रेघा वयाने येतातच, त्यांची भीती नको. आडव्या खाचा, चमच्यासारखं खोलगट नख किंवा नव्याने उमटलेली काळी-तपकिरी पट्टी दिसली तर मात्र थांबू नका. नख ठिसूळ व्हायला थायरॉइड आणि लोहाची कमतरताही कारण असते, तेव्हा हिमोग्लोबिनही बघून घ्या.

अंगठ्याचं दुखणं बहुधा सततच्या ओलीचं. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी पाणी आत जाऊ देत नाही. ती कापू नका, मागे ढकलूही नका. भांड्यांना रबरी हातमोजे, आत सुती. नुसत्या रबरात घाम साचतो. हात पुसून झाले की नखांना खोबरेल चोळा. नखं आंघोळीनंतर मऊ असताना कापा, कानस एकाच दिशेने फिरवा. नख महिन्याला जेमतेम ३ मिमी वाढतं, या वयात त्याहून कमी. फरक दिसायला सहा महिने तरी धरा.

हळदीचा रंग वरवरचा असतो, काही दिवस हळदीत हात घातला नाही की फिका पडतो. बुरशीत नख जाड होतं, खालून भुगा निघतो. तसं वाटलं किंवा सूज पुन्हा आली तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) त्वचारोग ओपीडीत दाखवा. बुरशीच्या गोळ्या यकृताला जड जाऊ शकतात, त्यामुळे त्या सुरू करण्याआधी नखाचा कीस तपासता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आईची चालू औषधंही सोबत न्या.