हिजामाने बाबांची साखर उतरली, असं मानायचं का?

घंटाळीकर
बाबा ६७ वर्षांचे, ११ वर्षांपासून टाइप २ मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही साखरेची औषधं चालू आहेत. रोज पहाटे तलावपाळीला, म्हणजे ठाण्याच्या तळ्याभोवती, चालत तीन फेऱ्या मारायचे. चार महिन्यांपूर्वी ओळखीच्या एकांनी त्यांना हिजामाला नेलं. तेव्हापासून दर महिन्याला पाठीवर कप लावून रक्त काढून घेतात, आणि फेऱ्या बंद. म्हणतात, "साखरेचं रक्तच बाहेर जातं, मग चालायचं कशाला?"

मला हे मुळीच पटत नाही. साखर २०० असेल तर १०० मिलीलिटर रक्तात ती २०० मिलिग्रॅम असते, म्हणजे ०.२ ग्रॅम. एवढं रक्त काढलं तरी चिमूटभर साखरही जात नाही. तेवढी तर यकृत दोनेक मिनिटांत परत रक्तात सोडतं. चालताना मात्र मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्शुलिनची वाट न बघता साखर आत ओढतात, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. म्हणूनच आठवड्याला निदान १५० मिनिटं चाला, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, असं सांगतात.

अडचण एकच. बाबांचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ८.४ वरून ७.६ वर आलंय. तो कागद पुढे केला की माझं बोलणं संपतं.

कोपरीकर
कागद खोटा कसा म्हणता? माझी आजी गावाकडे तुंबडी लावायची. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शिंग, जळू आणि अलाबू, म्हणजे भोपळा, तिन्ही सांगितलेत. अंगात लोह जास्त साठलेल्या मधुमेहींचं रक्त काढल्यावर इन्शुलिन जास्त चांगलं लागू पडतं, हे आधुनिक डॉक्टरांनीही पाहिलंय. मी स्वतः कंबरेसाठी कप लावले, आठवडाभर आराम पडला. आणि चाला म्हणणं सोपं आहे. घोडबंदर रोडला राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने चालायचं कुठे ते सांगा.

कळवा नाका
लॅबमध्ये १८ वर्षं काम करतेय, म्हणून लिहिते. कागद खोटा नाही, पण त्याचा अर्थ वेगळा असू शकतो. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना साखर चिकटत जाते. एचबीए१सी तेच मोजतं. वारंवार रक्त गेलं की शरीर नव्या पेशी तयार करतं. त्या कोवळ्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. आकडा उतरतो, साखर तिथल्या तिथेच राहते. रक्तदान केलेल्यांच्या रिपोर्टमध्येही असा फरक पडू शकतो.

कोपरीकर, तुमचा लोहाचा मुद्दा खरा आहे, पण तो लोह जास्त असलेल्यांपुरता. ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, त्यांचं महिन्याला रक्त काढणं म्हणजे नवं दुखणं. घंटाळीकर, बाबांचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगात साठलेलं लोह दाखवणारी तपासणी) करून घ्या. चार दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर बघा. खरं काय ते तिथे दिसेल.

नेरूळची आजी
मी ७१ वर्षांची. गुडघे झिजलेत, त्यामुळे तासभर चालणं जमत नाही. जेवण झालं की इमारतीच्या आवारात पंधरा मिनिटं, तिन्ही वेळेला. पावसात घरातच जागच्या जागी चालणारी सायकल. जेवणानंतर चाललं की साखर उसळतच नाही, हे मी मोजून पाहिलंय. ग्लिमेपिराइडने साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून ते घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवायचं. घाम सुटून हातपाय थरथरले तर लगेच तोंडात. आणि अनवाणी अजिबात नाही.

कोपरीकर
एचबीए१सीचं हे मला ठाऊक नव्हतं. साखरेबाबत माघार घेतो. पण कंबरेच्या आरामाबाबत नाही घेणार. दुखणारा माणूस चालत नाही, आणि दुखणं कमी झालं तर चालेल. घंटाळीकर, बाबांना फेऱ्या का सोडल्या ते नीट विचारलंत का? नुसत्या हिजामामुळे कोणी अकरा वर्षांची सवय मोडत नाही.

नेरूळची आजी
हे मात्र बरोबर बोललात. विचाराच.

घंटाळीकर
विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग रात्री आईदेखत सांगितलं. सहा महिन्यांपासून तळव्यांना झिणझिण्या येतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं. एकदा तलावपाळीला चप्पल पायातून निसटली ते कळलंच नाही. लोक बघत होते, म्हणून लाज वाटली. तेव्हापासून गेले नाहीत. आम्हाला कोणाला पत्ता नव्हता, आणि मी मात्र चार महिने त्यांच्याशी हिजामावरून भांडत होतो.

हिमोग्लोबिन १०.६ आलंय. जेवणानंतरची साखर तीन दिवस २३० च्या वर. दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवले. रक्त काढणं आता थांबवतो म्हणाले. जाळ करून लावायचे कप तर अशा बधिर अंगाजवळ नकोतच, भाजलेलं कळणार नाही.

चालण्याचा आग्रहही मी आजपासून थांबवलाय. आधी तळवे तपासून घेऊ, बूट नीट बघू, तोवर खुर्चीत बसून हातापायांचे व्यायाम. सोमवारची वेळ मिळालीय.