कोलकाता बघायचंय? मग आधी दफनभूमीत जा!

पायपीट: नवं शहर कळायचं तर पहिला दिवस तिथल्या दफनभूमीत घालवावा, असं माझं ठाम मत. कोलकात्याचंच घ्या. पार्क स्ट्रीटची जुनी दफनभूमी १७६७ सालची. आत शेवाळलेले पिरॅमिड, घुमट, खांब. पाट्या वाचत गेलं की वयं बघूनच धसका बसतो. एशियाटिक सोसायटी काढणारे विल्यम जोन्स ४७व्या वर्षी गेले. हिंदू कॉलेजातला तरुण मास्तर डिरोझिओ पोरांना प्रश्न विचारायला शिकवायचा. त्याला राजीनामा द्यायला लावला आणि त्याच वर्षी, १८३१ मध्ये, तो पटकीने गेला. वय २२! आणि चार्ल्स स्टुअर्ट हा कंपनीचा लष्करी अधिकारी रोज गंगास्नान करायचा. त्याच्या कबरीला चक्क देवळासारखं दार आहे. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या संगमरवरात यातलं काय दिसतं?

नाक्यावरचा: साफ अमान्य. हे साहेबलोकांचं कोलकाता झालं, बंगाली माणूस कुठाय त्यात? तो जातो निमतल्याच्या स्मशानघाटावर. रवींद्रनाथांनाही १९४१ मध्ये तिथेच अग्नी दिला. मग तिथेही जाऊन लोकांच्या दुःखात कॅमेरा घेऊन उभे राहणार का? त्यापेक्षा सकाळी गडियाहाटच्या मासळी बाजारात जा. मासेवाला पायाखाली भलीथोरली विळी दाबून रोहू कापत असतो आणि गिऱ्हाईक 'पेटी'च पाहिजे, 'गादा' नको म्हणून हटून बसतं. पेटी म्हणजे पोटाकडचा तुकडा, गादा पाठीचा. अर्धा तास नुसतं ऐकत थांबा. शहर तिथे आहे.

सासुरवाशीण_हावडा: बाजारही आता राहिलाय कुठे तसा? टिरेटा बाजारात, म्हणजे जुन्या चिनी वस्तीत, पहाटे चिनी नाश्ता मिळतो, बाओ, सॉसेज, सूप. गिऱ्हाइकांपेक्षा मोबाइल जास्त. कुमारटोळीत मूर्तिकाराला हात हलवायला जागा नाही. 'लोकल' बघायच्या नादात लोकांच्या कामाचा खेळखंडोबा करतो आपण. कबरींचं निदान काही बिघडत नाही.

पायपीट: @नाक्यावरचा, बंगाली माणूस हवाय ना? लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत कवी मायकेल मधुसूदन दत्त आहेत, १८७३ पासून. जन्म बंगालमधला असेल तर जरा थांब, अशी वाटसरूला विनवणी करणारा बंगाली मृत्युलेख त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. आणि टिरेटाच्या चिनी लोकांचा मूळपुरुष आछी, त्याची कबर बजबजच्या पुढे आछीपूरला आहे. चिनी नववर्षाला तिथे आजही लोक जातात. बाओ खाऊन हे कळत नाही.

खंदक१७४२: गंमत म्हणजे तुमचा तो सर्क्युलर रोडच मुळात आपल्यामुळे झालाय. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे काही आले नाहीत, काम अर्धवट राहिलं आणि पुढे खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' अजून आहे. तिकडच्या अंगाईगीतात बर्गी येतात, ते आपणच. त्या स्वाऱ्यांत बंगालच्या खेड्यांत जी माणसं मेली त्यांच्या पाट्या कुठे लागल्यात? ज्याच्याकडे दगडाला पैसे होते तेवढाच इतिहास दफनभूमीत सापडणार.

पायपीट: हा मुद्दा बिनतोड आहे. तरी पहिला दिवस तिथेच.

नाक्यावरचा: मधुसूदनांसाठी येईन, दुपारी. सकाळची मासळी कुठल्याही कर्नलसाहेबासाठी सोडणार नाही.