सोसायटी ग्रुप: दोन महिला जागा आणि पहिलं नाव

सेक्रेटरी, ए-४०१: सर्व सभासदांना नमस्कार. कमिटीच्या निवडणुकीचे फॉर्म ऑफिसात आले आहेत. अकरापैकी दोन जागा महिलांसाठी राखीव. मागच्या वेळी दोन्ही रिकाम्या राहिल्या. ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या मिसेसचं नाव द्यावं. काम काही नाही, फक्त सह्या. 🙏

सी-२०३: मिसेसनी स्वतःच स्वतःचं नाव दिलं तर चालेल का?

सेक्रेटरी, ए-४०१: अहो वहिनी, तसंच म्हणायचं होतं.

ए-१०२ काका: भगिनींनो, पुढे या. आम्ही कधी अडवलंय? मीटिंगला बोलावलं तर एकही येत नाही.

सी-२०३: काका, मीटिंग रविवारी सकाळी साडेअकराला असते. त्या वेळी तुमच्याकडे कुकर कोण लावतं?

ए-१०२ काका: हा मेसेज हटवला गेला

बी-५०४: मी मागच्या खेपेला फॉर्म आणायला गेले होते. शेअर सर्टिफिकेटवर ह्यांचं नाव पहिलं, माझं दुसरं. मत पहिल्या नावाचं, ते हजर नसतील तरच माझं. वर मला सांगण्यात आलं, साहेबांचं संमतीपत्र आणा. निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो, त्याला कधी कुणाची संमती लागली नाही.

बी-३०१: आमच्याकडे उलटं आहे. बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, २०२१ पासूनची. म्हणून फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला. तरी नोटीस माझ्या नावानं येते आणि मीटिंगला मीच येतो. आत्ता लक्षात आलं, मी सभासदच नाही. दोन वर्षं ठरावांना हात वर करतोय 😬

सेक्रेटरी, ए-४०१: जुने ठराव आता उकरू नका, ही विनंती.

ए-१०२ काका: एवढ्याशा गोष्टीचं राजकारण कशाला? या देशात बाई पंतप्रधान झाली, राष्ट्रपती झाली.

सी-२०३: आणि मुख्यमंत्री? १९६० पासून महाराष्ट्रात एकही नाही. शेजारी गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ लाच झाल्या.

ए-१०२ काका: त्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या, म्हणून झाल्या.

सी-२०३: खरंय. पण आपल्याकडे वडिलांच्या खुर्चीवर बसलेले मुलगे मोजायला घेतले तर उद्याचा टँकर येईपर्यंत यादी संपायची नाही. त्यांना कुणी 'म्हणून झाले' म्हणत नाही. २०२४ ला विधानसभेत २८८ पैकी २१ बायका निवडून आल्या. लोकसभेत राज्यातून ४८ पैकी ७, सगळ्या देशातून ५४३ पैकी ७४.

बी-३०१: पण ३३ टक्क्यांचा कायदा झालाय ना?

बी-५०४: झाला, २०२३ ला. पहिलं विधेयक १९९६ चं. आणि कायद्यातच अट अशी की आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण. साखरपुडा वाजतगाजत केला आणि मुहूर्ताचं बघू म्हणाले.

ए-१०२ काका: गावात दिलंय की ५० टक्के, २०११ पासून. काय झालं? सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा. बायकांनाच नको असतं हो.

डी-१०१ आजी: मोबाईलवर बोलून टाइप करते आहे, चुका सांभाळून घ्या. माझं माहेर जळगावकडचं, म्हणून सांगते. आमच्या जिल्ह्यात विटनेर म्हणून गाव आहे. तिथे १९८९ ला पंचायतीवर सगळ्या बायका निवडून आल्या होत्या, आरक्षण वगैरे यायच्या आधी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची महिला आघाडी तेव्हा जोरात होती. त्याच सुमारास लक्ष्मीमुक्ती सुरू झाली. म्हणजे शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. नुसत्या खुर्चीवर भागत नाही, सातबाऱ्यावर नाव पाहिजे, हे तेव्हा त्या लोकांना कळलं होतं. आपल्याला शेअर सर्टिफिकेट कळेना.
आता दुसरं. त्याच जिल्ह्यातलं विचखेडं. तिथल्या सरपंचबाईंना पदावरून काढलं. कारण काय, तर म्हणे सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात. त्या सांगत होत्या की मी नवरा-मुलांसोबत वेगळी, भाड्यानं राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, आयुक्तांनी तेच कायम केलं, हायकोर्टातही हरल्या. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पद परत दिलं आणि निकालात लिहिलं की बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही. सरपंचपदासाठी जी बाई दिल्लीपर्यंत भांडते, तिला नको होतं असं म्हणायचं का भाऊ?

ए-१०२ काका: आजी, तुमच्यापुढे काय बोलणार. मी सरसकट म्हणत नव्हतो.

बी-५०४: मग सरसकट नको, आपल्या बिल्डिंगपुरतं बोलू. मे महिन्यात पाणी पहाटे पाच ते सहा सोडायचं हे कुणी ठरवलं? कमिटीतल्या नऊ पुरुषांनी. त्यातल्या किती जणांनी उठून पिंप भरलं?

सेक्रेटरी, ए-४०१: ती वेळ टँकरवाल्याच्या सोयीनं होती.

बी-५०४: तेच तर. टँकरवाल्याला विचारलं, आम्हाला नाही.

डी-१०१ आजी: गोरेगावच्या मृणालताई गोरे आठवल्या. पाण्यासाठी हंडे घेऊन बायका त्यांच्यामागे चालायच्या. नगरसेविका झाल्या, १९७२ ला आमदार, १९७७ ला खासदार.

ए-१०२ काका: 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात'. मृणालताई जिंकल्या आणि इंदिराबाई हरल्या तेव्हाची ही घोषणा मी स्वतः दिलीये आजी, गोरेगाव स्टेशनबाहेर. कॉलेजात होतो. घसा बसला होता दोन दिवस.

सी-२०३: काका, मग आमच्या वेळीच आवाज कुठे गेला 😄

ए-१०२ काका: बरं, बरं. सेक्रेटरीसाहेब, मीटिंग शुक्रवारी रात्री साडेआठला घ्या. कुकरचं आमची ही विचारते आहे, तिनं सगळं वाचलंय.

सेक्रेटरी, ए-४०१: ठीक आहे. नोटीस बदलतो.

बी-५०४: नोटीस फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याच्या नावानं काढा. आणि सर्टिफिकेटवर नावांचा क्रम बदलायला काय कागद लागतात तेही टाका. आमच्याकडे काल रात्रीच बोलणं झालंय. हे 'बघू' म्हणालेत. जनगणनेपर्यंत थांबणार नाही, एवढं मी सांगितलंय.

बी-३०१ यांनी नवीन सदस्य जोडला

बी-३०१ नवीन नंबर: नमस्कार. मी बी-३०१ ची सभासद. दोन वर्षांत माझा नंबर ग्रुपवर कुणी घेतला नव्हता. फॉर्म किती वाजेपर्यंत मिळतो?

सेक्रेटरी, ए-४०१: नमस्कार वहिनी, स्वागत. सातपर्यंत ऑफिस उघडं आहे.

बी-३०१ नवीन नंबर: मला कुणाचं संमतीपत्र लागेल का?

सेक्रेटरी, ए-४०१: छे छे, तुम्हाला कशाला?

बी-३०१ नवीन नंबर: मग ह्यांना पुढच्या मीटिंगला यायचं असेल तर माझं लागेल ना? त्याचा नमुना असेल तर तोही काढून ठेवा.