मदत हवी आहे: संगणक व्यावसायिकांच्या संस्थेचं अध्यक्षपद घेताना काय काय बघावं?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची. सोळा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. त्यातली दहा पुण्यात गेली, आता घरूनच काम करते. आमच्याकडे संगणक क्षेत्रातल्या लोकांची एक नोंदणीकृत संस्था आहे. नाव देत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या एका सरांनी ती उभी केली. शिरोलीच्या फाउंड्र्या, गुळाची अडत दुकानं, पतसंस्था, सगळीकडे तेव्हा संगणक येत होते आणि ते हाताळणारी माणसं नव्हती. सरांनी संध्याकाळचे वर्ग चालवले. २००० साल उजाडायच्या आधी पतसंस्थांची सॉफ्टवेअर तारखांसाठी तपासून दिली (जुनी सॉफ्टवेअर वर्षाचे शेवटचे दोनच आकडे धरत, त्यामुळे २००० ला १९०० समजण्याची भीती होती), एक पैसा न घेता. गावात या धंद्यात असलेल्या पन्नाशीच्या मंडळींपैकी कितीतरी जणांनी पहिला कीबोर्ड सरांच्या वर्गात बघितला.

सर सलग चौदा वर्षं अध्यक्ष आहेत, मी तीन वर्षं सचिव. दिवाळीनंतरच्या बैठकीत ते म्हणाले, "पुढच्या सर्वसाधारण सभेत तुझं नाव सुचवणार आहे. मला आता जिने चढवत नाहीत." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सभा मार्चअखेर आहे.

घाबरण्याचं पहिलं कारण कागदपत्रं. सचिव झाल्यावर मी जुन्या फायली लावायला घेतल्या, तेव्हा कळलं की मागच्या दोन निवडणुकांचे बदल अर्ज (नवी कार्यकारिणी आल्याची सूचना) धर्मादाय कार्यालयात दाखलच झालेले नाहीत. तिथल्या नोंदीत अजून जुनी कार्यकारिणी आहे. त्यातले एक काका कोविडमध्ये गेले, एक जण मुलाकडे बंगळूरला असतात. ऑडिट दरवर्षी झालंय, हिशेबात कुठेही खोट नाही. फक्त हे राहून गेलं. तीन वर्षं सचिव असून मीही पाठपुरावा केला नाही, ती चूक माझी.

दुसरं कारण जास्त जड आहे. ऑगस्टमध्ये आमच्या एका सभासदाची नोकरी गेली. पुण्यातल्या कंपनीसाठी तो इथून काम करायचा. एका सकाळी लॅपटॉप चालू होईना, दुपारी मेल आला. त्याने आमच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, "अकरा वर्षं वर्गणी भरतोय. आज संस्था माझ्यासाठी काय करू शकते?" दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही. शंभरावर माणसं त्या गटात आहेत. शेवटी मी फोन केला. आम्ही तिघं-चौघं त्याच्या घरी बसलो, बायोडेटा नीट केला, दोन ठिकाणी शब्द टाकला. आता तो एका फाउंड्रीची ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) बघतो, पगार बराच कमी आहे. पण त्याची मागणी वेगळी होती. नोटिशीच्या काळाचे पैसे अडकले होते आणि संस्थेने कंपनीला पत्र लिहावं असं त्याचं म्हणणं होतं. कार्यकारिणीत यावर सरळ दोन तट पडले. आमच्यात नोकरदार आहेत, कॉलेजात शिकवणारे आहेत आणि छोट्या कंपन्यांचे मालकही आहेत. मालक म्हणाले, हे आपलं काम नाही. नोकरदार म्हणाले, मग आपलं काम काय, वर्षाला दोन व्याख्यानं आणि कॅलेंडर? पत्र गेलं नाही. तेव्हापासून चार जणांनी वर्गणी भरलेली नाही आणि मला त्यांचा राग येत नाही.

सर जुन्या गोष्टी सांगतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया निघाली, तिचे पहिले अध्यक्ष आर. नरसिंहन. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक बांधणाऱ्या गटाचे ते प्रमुख होते. पुढे टीसीएसचे फकीरचंद कोहलीही त्या सोसायटीचे अध्यक्ष झाले. तेव्हा देशातले संगणक बोटांवर मोजता येत. अध्यक्षाचं काम स्पष्ट होतं: माणसं तयार करायची, सरकारला समजावायचं, नवं शास्त्र रुजवायचं. सरांनी तेच काम आमच्या गावात केलं. आज मुलं ते सगळं फोनवर शिकतात. मग माझ्यासारखीने त्या खुर्चीत बसून नेमकं काय करायचं?

म्हणून विचारते. जुने बदल अर्ज आता कसे निस्तरायचे? अध्यक्षाची मुदत बांधून घ्यायची असेल तर सरांना न दुखावता कशी? तशा पत्राच्या मागणीवर अशा संस्थेने काय भूमिका घ्यावी? आणि घरून काम, घरी आजारी सासूबाई, हे सांभाळून कोणी असं पद निभावलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

ताई, मी सांगलीचा, सीए. संस्थांची कामं रोज करतो. घाबरू नका, हे फार ठिकाणी होतं.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज द्यायचा असतो. मुदत गेली असली तरी कारण देऊन विलंब माफीचा अर्ज सोबत जोडता येतो. महत्त्वाचं असं की साखळी तुटू द्यायची नाही. नोंदीवर असलेली कार्यकारिणी, मग पहिली निवडणूक, मग दुसरी, मग तुमची. प्रत्येकीचा वेगळा अर्ज. थेट तुमचा अर्ज टाकलात तर मधल्या लोकांना निवडून यायचा अधिकार होता का, असा प्रश्न येतो आणि तारखांवर तारखा पडतात.

त्या त्या वर्षाची सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या आणि इतिवृत्त आत्ताच काढून ठेवा. जुन्या मंडळींची संमतीपत्रं माणसं हयात आणि खुशीत आहेत तोवर घ्या. बंगळूरचे काका सुट्टीला येतील तेव्हाच सही घ्या, त्यांना नंतर बोलवायला लागू नये. आणि हे अर्ज सर अध्यक्ष असतानाच दाखल होऊ देत. उशीर का झाला हे त्यांच्याच प्रतिज्ञापत्रात असलेलं बरं. तुम्ही खुर्चीत बसल्यावर तेच सांगायला लागलात तर सरांची तक्रार केल्यासारखं दिसेल.

प्रतिसाद: वेताळ टेकडी

पुण्यात अशाच एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शाखेचं काम मी काही वर्षं केलंय, त्यावरून मुदतीबद्दल लिहितो.

एसीएम ही संगणक क्षेत्रातल्या लोकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९४७ पासून चालू आहे, तिथे अध्यक्षाची मुदत दोन वर्षांची असते. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या कॉम्प्युटर सोसायटीत तर माणूस एक वर्ष नियोजित अध्यक्ष, एक वर्ष अध्यक्ष आणि एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून मंडळावर असतो. सीएसआयमध्येही (तुम्ही लिहिलेली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया) उपाध्यक्ष हाच पुढचा अध्यक्ष धरून निवडलेला असतो. म्हणजे खुर्ची रिकामी व्हायच्या आधीच पुढचा माणूस शेजारी बसून काम शिकत असतो आणि उतरलेला माणूस घरी न जाता मागे उभा राहतो.

तुमच्या घटनेत एवढंच घाला: अध्यक्ष दोन वर्षं, फार तर एकदा फेरनिवड, उपाध्यक्ष म्हणजे भावी अध्यक्ष, आणि मावळते अध्यक्ष पुढची दोन वर्षं कार्यकारिणीवर मतासह. शेवटचं कलम सरांसाठीच आहे. घटनादुरुस्ती असल्याने ती रीतसर सभेपुढे ठेवून मंजूर करून घ्या आणि ठराव सरांनाच मांडू द्या. आमच्याकडे हे न केल्यामुळे एक अत्यंत कष्टाळू माणूस नऊ वर्षं अडकून पडला. तो गेला तेव्हा ईमेलचा पासवर्डसुद्धा कोणाकडे नव्हता.

आणि अध्यक्षाने काय करायचं हा तुमचा प्रश्न. एसीएमची २०१८ ची आचारसंहिता वाचा. तिच्यात नेतृत्व करणाऱ्यांसाठी एक अख्खं प्रकरण आहे. त्याची सुरुवातच लोकहितापासून होते. हाताखालच्या माणसांना वाढायला संधी द्या, आणि एखादी प्रणाली समाजाच्या रोजच्या व्यवहाराचा भाग झाली की तिची विशेष काळजी घ्या, हेही त्यात आहे. तुमच्या गावातल्या पतसंस्था, दूध संघ, दवाखाने ज्या सॉफ्टवेअरवर चालतात ती कोणी तपासून बघतं का? सरांनी २००० च्या आधी जे केलं, तेच काम आज सायबर फसवणुकीच्या काळात पुन्हा समोर उभं आहे.

प्रतिसाद: थेम्सच्या पल्याड

इथे ब्रिटनमध्ये बीसीएस ही संगणक व्यावसायिकांची संस्था आहे, १९५७ ची, १९८४ पासून राजसनद असलेली. ती धर्मादाय संस्था आहे, कामगार संघटना नव्हे. पगार, नोटीस, काढून टाकणं यासाठी प्रॉस्पेक्टसारख्या युनियन वेगळ्या आहेत आणि एकच माणूस दोन्हीकडे सभासद असू शकतो. मी आहे. त्यामुळे तुमच्या मालक मंडळींचं म्हणणं नियमाला धरून आहे, पण त्यांनी तिथेच थांबणं मला पटत नाही. कंपनीला पत्र लिहिणं संस्थेचं काम नसेल, तरी नेमणूकपत्रातलं नोटिशीचं कलम समजावून देणारा वकील, कामगार कार्यालयात अर्ज कसा करायचा याची माहिती, आणि अडचणीच्या वर्षात वर्गणी माफ, एवढं नक्कीच संस्थेचं काम आहे. हे आधी ठरवून लिहून ठेवलं असतं, तर तुमचा गट दोन दिवस गप्प बसला नसता.

शेवटच्या प्रश्नाबद्दल. बीसीएसच्या पहिल्या महिला अध्यक्ष स्टेफनी शर्ली. १९६२ मध्ये त्यांनी घरून काम करणाऱ्या बायकांची सॉफ्टवेअर कंपनी काढली, पत्रांखाली 'स्टीव्ह' अशी सही करत कारण बाईच्या पत्राला उत्तर येत नसे. घरून काम करणं तेव्हा लोकांना कमीपणाचं वाटे. तुम्ही बैठका ऑनलाइन ठेवा, महिन्यातून एकदाच प्रत्यक्ष. ज्यांना जमायचं नाही ते कदाचित जिने चढायला लागतात म्हणूनही येत नसतील.

धागाकर्ती

मनापासून आभार. जिन्याचं वाचून थबकले. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तीन वर्षांत ते बदलावं हे माझ्याही डोक्यात आलं नाही. तळमजल्यावरचा हॉल विचारून आले, मिळतोय.

काल सरांकडे गेले होते. बदल अर्जांचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतून एक पत्र्याची पेटी आणली. २००९ पासूनच्या सगळ्या सभांच्या हजेऱ्या त्यांनी सुतळीने बांधून ठेवल्यात! प्रतिज्ञापत्र मीच देतो म्हणाले. मुदतीचा ठरावही तेच मांडणार आहेत, फक्त 'फेरनिवड एकदा' याऐवजी 'फेरनिवड नाही' असं करा म्हणाले. त्यावर मी अजून विचार करतेय, दोन वर्षं फार थोडी वाटतात.

नोकरी गेलेल्या त्या सभासदाला मी उपाध्यक्षपदासाठी विचारलंय. तो विचार करून सांगतो म्हणाला.

कृष्णाकाठ, एक विचारायचं राहिलं. जे काका गेले त्यांच्या घरच्यांकडून काय कागद घ्यावा लागेल? काकूंना सारखा त्रास द्यायचा नाही.

कृष्णाकाठ

फक्त मृत्यू दाखल्याची प्रत. नगरपालिकेत नोंद असेल तर तुम्हालाही काढता येईल, पण काकूंना एकदा भेटून सांगा. पेटी घेऊन या एखाद्या रविवारी, अर्ज बसून लिहू.