मदत हवी आहे: व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचं आहे, सुरुवात कुठून करू? (घाटंजी, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

मी घाटंजी तालुक्यात राहते. बीए झालं आहे, समाजशास्त्र घेऊन. दोन लेकरं आहेत, घरी कोरडवाहू शेती. उमेद या सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानात सीआरपी (गावपातळीवरची कार्यकर्ती) म्हणून आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांचं काम पाहते. मला व्यसनमुक्तीचं समुपदेशन रीतसर शिकायचं आहे आणि शिकून याच तालुक्यात काम करायचं आहे.

गटाच्या बैठकीत थकलेल्या हप्त्याचा विषय निघाला की मागोमाग दारूचा निघतोच. कापसाचा चुकारा हाती आला की त्यातला घरापर्यंत किती पोचेल, हे घरच्या बाईला सांगता येत नाही. देशी आहे, मोहाची आहे, हातभट्टी आहे. सुपारी-तंबाखूचा खर्रा तर शाळेतल्या पोरांच्याही तोंडात असतो. दारूबंदीसाठी आमच्या जिल्ह्यातल्या बाया स्वामिनी आंदोलनात रस्त्यावर उतरल्या, मीही त्याच बाजूची. शेजारच्या वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली, २०२१ मध्ये उठली. पण बंदी असो वा नसो, सकाळी घोटभर घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरायचे थांबत नाहीत, त्याच्याजवळ बसून बोलणारं माणूस लागतंच. ते आमच्याकडे नाही.

मागच्या पोळ्याला एका गावात एकाने बैलांसमोर शपथ घेऊन दारू एकदम सोडली. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर साप दिसायला लागले, घाम, बडबड, ओळख राहिली नाही. घरच्यांनी लागीर समजून देवऋष्याकडे नेलं. पुढे ग्रामीण रुग्णालयात नेल्यावर तो वाचला. त्याची बायको मला म्हणाली, "ताई, त्यानं सोडली म्हून मी गावात साखर वाटली व्हती." तेव्हापासून हे शिकायचं मनात पक्कं आहे.

आता अडचण अशी. नागपूरला राहून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करणं घरामुळे शक्य नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठातून केलेलं चालतं का? की आधी छोटा प्रमाणपत्र कोर्स करू? मोबाइलवर 'घरबसल्या समुपदेशक व्हा' अशा जाहिराती सारख्या येतात, त्यांच्यावर पैसे घालावेत का? आणि पिणारे पुरुष बाईमाणसाशी मोकळं बोलतात का? अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद १

ताई, मी विदर्भातल्याच एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. नागपूरच्या तिरपुडे कॉलेजातून एमएसडब्ल्यू केलं.

आधी जाहिरातींचं. पैसे घालू नका. पडद्यावर बघून हे काम येत नाही, आणि नोकरी देताना त्या कागदाला कुणी विचारत नाही. इग्नूचं एमएसडब्ल्यू मात्र चालतं. कुठल्याही शाखेच्या पदवीवर प्रवेश मिळतो, किमान दोन वर्षं लागतात, नागपूरला प्रादेशिक केंद्र आहे. त्यात क्षेत्रकार्य, म्हणजे एखाद्या संस्थेत लोकांसोबत प्रत्यक्ष काम, सक्तीचं आहे आणि तुमच्यासाठी खरं शिक्षण तेच. समुपदेशनावर भर असलेलं वेगळं एमएसडब्ल्यूही इग्नूत आहे, दोन्हींचे विषय शेजारी ठेवून बघा.

पदवी चालू असताना छोटी प्रशिक्षणं घ्या. दिल्लीची राष्ट्रीय समाज रक्षा संस्था (एनआयएसडी) या विषयावर प्रमाणपत्र कोर्स घेते. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे, तेही कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने चाललेलं दारू-तंबाखूविरोधी मुक्तिपथ अभियान जाऊन बघाच. गाव, तालुका दवाखाना आणि व्यसनी माणूस यांची सांगड आपल्या मातीत कशी घालतात ते तिथे दिसेल.

नोकऱ्या कुठे? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी पुनर्वसन केंद्रं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, आणि तंबाखू नियंत्रण कार्यक्रम. खर्र्यावर काम करायचं तर हा शेवटचा विसरू नका. बहुतेक पदं कंत्राटी असतात आणि पगार बेताचा, हे घरी आधीच बोलून घ्या.

पोळ्याच्या त्या माणसाबद्दल सविस्तर लिहितो, कारण समुपदेशकाने पहिल्यांदा शिकायचं ते हेच. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रम, ताप. यात जीव जाऊ शकतो. दारूमुळे मंदावलेला मेंदू तिच्याशी जुळवून घेतो, ती अचानक गेली की तो बेफाम उसळतो. म्हणून सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व आणि बाकीची औषधं घेत. औषध देणं आपलं काम नाही, पण हा माणूस आधी दवाखान्यात गेला पाहिजे हे ओळखणं आपलंच. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ती शिकून घ्या. पिणं कुठल्या पायरीवर आहे याचा अंदाज तिने येतो. स्वतःला 'मानसशास्त्रज्ञ' म्हणवून घेऊ नका, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आणि गटात ऐकलेलं गटाबाहेर जाऊ द्यायचं नाही. खेड्यात हे फार कठीण आहे, पण एकदा फुटलं की दुसऱ्यांदा कोणी दारात येत नाही.

प्रतिसाद २

ताई, मी वणीकडचा. मी सोता पेत होतो, आता बंद आहे. बाईमाणसाशी बोलतेत का म्हणता, तर बोलतेत जी. मले सुधरवाले आलेल्या माणसासमोर मी कधी तोंड उघडलं नाही. केंद्रातल्या एका मॅडमनं फक्त इचारलं, "सकाळी उठल्यावर कसं वाटते?" त्या दिवशी मी रडलो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्या लोकाइचा एकमेकाले आधार देणारा गट, त्याच्या खुल्या सभेले जाऊन बसा, बाहेरच्या लोकाइले त्यात येता येते. पेणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाचा तसाच गट असते, ते तुमच्या गटाच्या कामी येईन. अन् केंद्रात आमच्यासारख्या सुटलेल्या माणसाले पीअर एज्युकेटर, म्हणजे सोताच्या अनुभवातून दुसऱ्याले समजावणारा, म्हणून ठेवतेत. तुमच्या गावात असा कोणी असन तर त्याले संगं घ्या. अडचण आली तवा १४४४६ वर फोन लावा, सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. वणीच्या दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, सभेला तेही सोबत येतो म्हणाले. इग्नूचा अर्ज भरायचं ठरलं आहे. एकच राहिलं: क्षेत्रकार्य आमच्याच ग्रामीण रुग्णालयात करता येतं का, की मान्यताप्राप्त संस्थाच लागते? यवतमाळ जिल्ह्यातून कुणी केलं असेल तर पर्यवेक्षक कसा मिळवला तेवढं सांगा.