जीनोम वाचला, पुढे काय?

"मलेरियाच्या परजीवीचा जीनोम (म्हणजे त्याचा सगळा डीएनए) 2002 सालीच वाचून झाला, मग घोडं अडलंय कुठे?" या प्रश्नाबद्दल थोडं. प्लाझमोडियम फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचे सुमारे 5,300 जीन (जनुकं) सापडले खरे, पण जवळपास 60 टक्क्यांचं काम तेव्हा सांगता येईना. त्यांच्यापासून बनणाऱ्या प्रथिनांचा ओळखीच्या प्रथिनांशी तोंडवळाच जुळेना. म्हणून नेटवर्क, म्हणजे कोणता जीन कोणासोबत चालतो त्याचं जाळं. तांबड्या पेशीतल्या 48 तासांच्या चक्रात कोणते जीन एकदमच चालू होतात ते बघायचं. अनोळखी प्रथिन परजीवीला पेशीत घुसायला मदत करणाऱ्या प्रथिनांसोबतच उगवत असेल, तर तेही त्याच टोळीतलं असावं. ढवळ्याशेजारचा पवळ्याच म्हणा! अर्थात हा नुसता संशय. तो जीन काढून टाकल्यावर परजीवी तांबड्या पेशीत शिरतो का, हे प्रयोगशाळेतच तपासावं लागतं.